कळलावीच्या ओवीखाली

कुंपणावर कळलावी यंदाही फुलली. न फुलायला तिला काय झालं होतं म्हणा. उन्हाळाभर जमिनीत मेल्यासारखी पडून राहते, आषाढात बोटभर कोंब वर काढते, आणि श्रावणात मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला जाते तेव्हा काटेरी तारेला धरून उभी असते. धरूनच. तिच्या पानांची टोकं शेपटीसारखी वळतात आणि जे जवळ सापडेल त्याला विळखा घालतात. फूल आधी हिरवट, मग पिवळं, मग कडेकडेनं पेटत जाऊन लालभडक. पाकळ्या वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारख्या वर वळलेल्या. सुंदर आहे, नाही कुठे म्हणते मी. पण तिच्या सुंदर असण्याचा इतरांना किती त्रास होतो, याची कुणीतरी तिला कल्पना द्यायला हवी होती. दर वर्षी ठरवते, मुळासकट काढून टाकायची. दर वर्षी हातमोजे सापडत नाहीत.

वेल सरांनी लावलेली. सर म्हणजे माझे पती. आम्ही दोघं एकाच शाळेत. ते चित्रकला शिकवत, मी मराठी शिकवी आणि वर ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळी. सगळं गाव त्यांना सर म्हणे म्हणून मीही म्हणू लागले, आणि पुढे घरातसुद्धा दुसरं काही म्हणणं जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात ते गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे चिडणं येईल त्यातलं बरंचसं त्यांच्यावरचं आहे, आणि वाचणाऱ्याला मध्येच कळलं की माणूस आता नाही, तर त्याला उगाच संकोच वाटतो. मला तो वाटत नाही. गेले म्हणून त्यांचं सगळं बरोबर होतं असं थोडंच आहे.

सरांना वेड होतं जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांचं. वैद्यकाचं नव्हे, पुस्तकांचं. स्वतःला सर्दी झाली की ते मुकाट्यानं मेडिकलमधून गोळी आणत. पण मलकापूरच्या एका रद्दीवाल्याशी त्यांचं असं काही गूळपीठ जमलं होतं की बांधणी निसटलेलं, वाळवीनं कडा खाल्लेलं, औषधी झाडांचं कुठलंही पुस्तक आलं की तो ते बाजूला ठेवी. जुने निघंटू. उघडावेत तर सगळे पद्यात. आधी एका झाडाची नावंच नावं, मग त्याची चव, मग गुण, आणि हे सगळं छंदात गच्च बसवलेलं. कशासाठी, तर पाठ व्हावं म्हणून.

आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत आलेल्या बाईला याचा किती वैताग यावा! एका झाडाला ढीगभर नावं, तेही चालेल. पण त्यांतलंच एखादं नाव दुसऱ्याही झाडाला, आणि तिसऱ्याही. छंदात एक अक्षर कमी पडलं की मध्ये एक ‘च’ घालायचा, नाहीतर ‘वै’ घालायचा. त्यांना जागा आहे. आणि किती घ्यायचं, कसं घ्यायचं, कुणी मुळीच घ्यायचं नाही, याला मात्र जागा नाही. ते पुढच्या प्रकरणात, नाहीतर दुसऱ्याच पुस्तकात.

“हे औषध सांगतायत की गाणं म्हणतायत?” मी विचारी.

“दोन्ही,” सर म्हणत. मान वर न करता.

कळलावीचंच घ्या. लांगली, म्हणजे नांगराची. तिचं जमिनीतलं मूळ कोपरात वाकवल्यासारखं असतं, त्यावरून. अग्निशिखा फुलावरून. विशल्या, म्हणजे आत रुतलेलं बाहेर काढणारी. सर म्हणत, ही नावं नाहीतच, ही चित्रं आहेत. मुळाचं एक, फुलाचं एक, कामाचं एक. ज्यानं झाड कधी पाहिलेलं नाही त्यालाही रानात गेल्यावर ओळखू यावं म्हणून कुणीतरी शब्दांत काढून ठेवलेली.

त्यांच्या या म्हणण्याला त्यांच्याच कपाटातल्या एका पुस्तकानं सुरुंग लावला. शिळाप्रेसवर छापलेलं, पिवळं पडलेलं पुस्तक. त्यात चित्रंही होती. काढणाऱ्यानं ती झाडं कधी पाहिली नव्हती हे उघड होतं. त्यानं फक्त श्लोक ऐकले होते. उंदीरकानीच्या वेलीवर त्यानं ओळीनं उंदरांचे कान काढले होते, आतल्या बारीक केसांसकट. आणि कळलावीच्या मुळाशी चक्क नांगर. फाळ, मूठ, जू, सगळं. बैल तेवढे नव्हते. मी हसून हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. ते पान बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “त्याला जे सांगितलं ते त्यानं किती मनापासून ऐकलंय बघ. इतकं मनापासून आठवीचा वर्ग माझं ऐकत नाही.”

त्या पानापासून त्यांनी मनावर घेतलं. आपल्या भागातली झाडं आपण समोर बसून काढायची. जशी आहेत तशी. घाटाखाली जायचं, नळगंगेच्या काठानं हिंडायचं, धामणगावच्या बाजाराच्या दिवशी पालेवाल्या बायकांच्या शेजारी बसून राहायचं. जाड कागदावर जलरंगात झाड, मूळ, फूल, फळ. आणि खाली जुन्या श्लोकातलं सार मराठीत, चार ओळींत बांधून. त्याला ते ओवी म्हणत. खरं तर तो अभंगाचा छंद. मी मराठी शिकवत असे, मला ते टोचे. पण आमच्याकडे गळ्यावर म्हणता येईल ते सगळं ओवीच, आणि या बाबतीत सर गावाच्या बाजूचे.

कळलावीची ओवी झाली तो दिवस असाच श्रावणातला. दारात उडदाच्या शेंगा वाळत घातलेल्या, ऊन आलं की बाहेर आणि ढग आला की आत, असं माझं चाललेलं. मध्येच बसून तांदुळजा निवडत होते तर हे स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभे. हाताला तांबडा रंग. म्हणून दाखवली:

मुळाशी नांगर । शेंड्याला दिवली ।
कुंपणी लागली । आग जणू ॥
अडल्या मातेची । शमविते कळ ।
कोवळेसे फळ । ओटी घाली ॥

हातातली भाजी हातातच राहिली. मी त्यांच्या ओव्यांचं सहसा कौतुक करत नसे. निम्म्या ओव्यांत अक्षरं मोजून भरलेली ऐकू येत. ही तशी नव्हती. शेवटचं ‘ओटी घाली’ तर असं आलं की खरंच कुणीतरी पदरात काही ठेवल्यासारखं वाटलं. आणि लगेच माझ्या डोक्यातली ग्रंथपाल जागी झाली.

“आणि हे विष आहे, ते कुठाय?”

“पुस्तकात विषांच्या प्रकरणात आहे ते.”

“ओवीत कुठाय?”

“ओवी संपली.”

“मग अजून एक चरण घाला. ‘परी हे जहर, न घ्यावे उदरी’ असं काहीतरी.”

कानात पाणी गेल्यावर माणूस करतो तसं तोंड त्यांनी केलं. “ही तंबाखूच्या पुडीवरची सूचना झाली.”

“मग? पुडीवर ती असतेच ना?”

“असते. कोण थांबतं?” आणि मग जरा खालच्या आवाजात, “अगं, बाळ ओटीत आलं. त्याच्यापुढे विषाचं नाव काढायचं का? तूच सांग.”

हे असं. वाद जिंकता येत नसला की ते आपल्याला त्या बाळाच्या शेजारी नेऊन उभं करत. पुढे किती श्रावण हा वाद चालला. मी चरण सुचवायचे, त्यांनी तोंड वाकडं करायचं. एकदा तर चिडून मी म्हटलं, तुमच्या छंदापायी कुणाचा तरी जीव जाईल. ते म्हणाले, “मी शिकवतो ना ती? मी सांगतो की पोरांना.” आणि सांगत, हे खरं. ओवी म्हणून झाली की वर्गाला शाळेच्या कुंपणावरच्या कळलावीपाशी नेत, दुरून फूल दाखवत, आणि कुणाचा हात नुसता पुढे गेला तरी एरवी कधी न चढणारा त्यांचा आवाज असा चढे की मी ग्रंथालयात दचके.

ते गेले ते हृदयविकारानं. झाडाचा काही संबंध नाही. भाद्रपदातली दमट हवा, कपाटात कागदांना कसर लागू नये म्हणून घातलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि भेटायला येणारी माणसं. माणसांचं काय सांगू. चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारत, “सरांपाशी केस गळण्यावर काही होतं काय हो?” एकानं मुतखड्यावरची ओवी मागितली. एक बाई, अगदी तेराव्याच्या दिवशी डोळे पुसत आलेल्या, जाताना दारात थांबून म्हणाल्या, “गुडघ्यावरची देल्ली असती तं...” मी सांगून थकले की सर वैद्य नव्हते, चित्रं काढत होते. त्यावर माणसं माझ्याकडे अशी बघत की ही बाई घरातलं औषध दडवून ठेवते आहे.

पुढच्या आषाढात आरोग्य केंद्राच्या भिंतीचा विषय निघाला. गावाला वाटलं, सरांची आठवण म्हणून दवाखान्याच्या पडवीत त्यांची झाडं रंगवावीत. रंगवणार मिलिंद. मिलिंद सरांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीतला. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, विहाराच्या भिंती रंगवतो आणि ब्रश धरताना अजून करंगळी सरांसारखी वर ठेवतो. मी त्याला चित्रं दिली: तुळस, अडुळसा, गुळवेल, निरगुडी. कळलावीचा कागद कपाटातच ठेवला. वाट पाहत बसलेल्या बायका जिथं टेकतात त्या भिंतीवर ती नको, एवढं मला कळत होतं.

भिंत पुरी झाल्यावर बघायला गेले तर कोपऱ्यात कळलावी पेटलेली. खाली ओवी, अक्षर न अक्षर.

“ही कुठून आली?” मी विचारलं.

“काकू, तेवढी जागा उरली होती,” मिलिंद म्हणाला. “तुमी देल्लीच नाही, मंग मनानंच काढली. ओवी तं पाठच हाये मले, आठवीपासून.”

“मी ती मुद्दाम दिली नव्हती. काढ ती.”

“हाव काकू.”

आमच्याकडे ‘हाव’ म्हटलं म्हणजे ऐकलं, एवढंच. करतो असं त्यात काही नसतं. नंतर जेव्हा जेव्हा आठवण केली तेव्हा तो ‘हाव काकू’च म्हणाला. पोळा आला, त्याला बैलांची शिंगं रंगवायची कामं लागली, आणि कळलावी भिंतीवर तशीच फुललेली राहिली.

पोळ्यानंतर गोदाबाई आल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. शेत थोडं, घरात दोन सुना. धाकटी पूजा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. गोदाबाईंनी ओसरीवर बसून पदराखालून कापडी पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राचा पुडा, आणि पुडा माझ्यापुढे उलगडला.

“काकू, पाहा बरं. हेच न ते सरांच्या ओवीतलं?”

मातीसकट ताजं मूळ. कोपरात वाकलेलं, तपकिरी, विळा लागला होता तिथं आत पांढरं.

“कुठून आणलं?”

“बांधावरून. मीच खंदलं.”

“आधी हात धुवा.”

“काऊन?”

“धुवा म्हणते ना!” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या मुकाट उठल्या, मोरीत हात धुऊन आल्या आणि पदराला पुसत म्हणाल्या, “एवढं काय चिडाचं त्याच्यात?”

“हे विष आहे, गोदाबाई.”

“इष? मंग दवाखान्यावर काऊन लिहिलं? सरकारी दवाखाना हाये तो. अन् ओवी सरांची. दोघंबी खोटं बोलतीन काय?”

इतकी वर्षं सरांशी भांडले, पण माझ्या भांडणात हे कधी आलं नव्हतं. सर तोंडानं सांगत होते तोवर ती ओवी होती. सरकारी भिंतीवर गेली आणि हुकूम झाली.

“याचं करणार काय होतात?” मी विचारलं.

“तेच तं इचाराले आली. शेजारीण म्हणते उकळून पाजा. माही बहीण म्हणते कंबरेले बांधा. इहीणबाई म्हणते बेंबीखाली लेप लावा. म्हटलं काकूलेच इचारतो, ओवीत कसं हाये बराबर.”

“ओवीत यातलं काहीच नाही.”

“तेच तं म्हणतो मी! पूजानं वाचून दाखोली, मले पाठबी झाली. एवढी गोड ओवी, अन् कराचं काय ते नाहीच त्याच्यात.”

मग त्यांनी खरं ते सांगितलं. मोठ्या सुनेचं बाळंतपणात पोट फाडलं होतं. टाके पिकले, किती दिवस तिला उठता आलं नाही. “अन् पूजा तं काडीवानी हाये. हिचंबी फाडलं तं वाचंन काय? म्हणून म्हणतो, कळ शमते तं शमू द्या.” बोलता बोलता त्यांचा हात पुड्याकडे गेला. मी पुडा माझ्या बाजूला ओढला. ओसरीवर दोन म्हाताऱ्या एका मुळासाठी ओढाताण करतायत, असं ते दृश्य. शेवटी मी म्हटलं, सर असते तर त्यांनी हे तुमच्या हातून काढून घेतलं असतं. तेव्हा कुठे त्यांनी हात मागे घेतला. रागानं पिशवी झटकली, चहाही घेतला नाही.

मूळ माझ्यापाशी राहिलं. पण बांधावर काही ते एकच नव्हतं. पूजाला कळा सुरू झाल्या की ही बाई विळा घेऊन पुन्हा बांधावर जाणार, हे मला त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. आणि घरात ज्या कुणाचा आवाज त्या वेळी मोठा असेल त्याप्रमाणे ते पोटात जाणार, कंबरेला लागणार, नाहीतर आणखी कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर तरुण, अकोल्याकडचे, टेबलापुढे रांग. ऐकून घेतलं आणि हसले. “मॅडम, भिंत कोण वाचतं? इथे लोक मी लिहून दिलेलं वाचत नाहीत.”

“तुमचं अक्षर वाचता येत नाही म्हणून वाचत नाहीत,” मी म्हटलं. “भिंतीवरचं येतं. आणि तुमची वाट बघत बसलेल्या बायकांना दुसरा उद्योग काय आहे?”

सिस्टर औषधं काढता काढता थांबल्या. “मॅडम खरं सांगून राह्यल्या, डॉक्टर. मलेबी दोघीतिघींनी इचारलं. मले वाटलं गंमत करतात.” मग डॉक्टरांचं हसणं गेलं. “पुसून टाका ना मग,” ते म्हणाले. “चुना मारा त्याच्यावर. आजच.”

मी ज्यासाठी गेले होते तेच त्यांनी सांगितलं, आणि मला त्यांचा राग आला. चुना मारा! इतकं सोपं! त्या मुलाला काय माहीत की सरांच्या सगळ्या ओव्यांतली गावाला पाठ असलेली ही एकच. तुळशीची कुणाला येत नाही, अडुळशाची येत नाही. चित्रांचे कागद कपाटात आहेत, ते मी गेल्यावर कुठे जातील ते दिसतंच आहे. माणसाचं जगात जे काही चार माणसांच्या तोंडी उरतं, ते सरांचं एवढंच उरलं होतं. आणि तेच नेमकं असं, की कुणाच्या तरी पोटात जाईल.

मिलिंदला बोलावलं. तो आला, भिंतीपुढे उभा राहिला आणि ब्रश पाठीमागे धरला. “सरांच्या ओवीवर मी चुना मारू? दुसऱ्या कोणाले सांगा, काकू.”

“मग खाली लिही, विषारी आहे म्हणून.”

“ते लिहितो. पण ओवीत करून द्या. असं सादं लिहिलं तं भिंत बिघडते.”

हाही त्यांचाच विद्यार्थी! मला वाटलं, त्या भिंतीवर डोकं आपटावं. एक माणूस गेला तरी त्याचा हट्ट काही जात नाही. तो चाळिशीतल्या पेंटरच्या तोंडून आपल्याला उत्तर देतो.

घरी येऊन बसले करायला. जन्मभर मराठी शिकवली, दोन चरण जमायला हरकत नव्हती. जमलेही. ‘विषाची ही कांडी । लावू नये तोंडी’ असलं काहीबाही. म्हणून बघितलं, आणि माझं मलाच काय झालं ते कळलं. माझी ओळही सरांच्याच चालीत झुलत होती. ‘ओटी घाली’ म्हणताना मान जशी डावीकडे जाते तशी ‘लावू नये तोंडी’ म्हणतानाही जात होती. बायका ती तशीच झुलत म्हणणार आणि अर्थाला न लागता पुढे जाणार. छंदात विष घातलं की तेही गोड लागतं, एवढाच माझ्या साऱ्या विद्वत्तेचा निष्कर्ष निघाला.

आणि मग त्या निघंटूवाल्यांवरचा माझा राग थोडा हलला. गेला नाही, हलला. ती पुस्तकं एकट्यानं वाचायची नव्हतीच मुळी. शिष्यानं श्लोक पाठ करायचा तो समोर बसलेल्या गुरूला म्हणून दाखवण्यासाठी. श्लोक अर्धाच, उरलेला अर्धा त्या माणसाच्या तोंडात, डोळ्यांत, हातावर मारलेल्या चापटीत. सरांची ओवीही तशीच. तिचा दुसरा अर्धा भाग कुंपणापाशी उभा राहून पोरांवर ओरडत असे. तो कुणी कागदावर उतरवला नाही, कारण तो आहेच असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

मी रंगाचा डबा मिलिंदकडून मागून घेतला. लाल, ऑइल पेंट. त्याला म्हटलं, तू जा, तुला बघवणार नाही. बाकावरच्या बायकांना सरकायला सांगितलं आणि ओवीच्या खाली माझ्या हातानं लिहिलं:

हे मूळ विषारी आहे. पोटात घेऊ नका. अंगाला लावू नका. घरी आणू नका. कळा सुरू झाल्या की इथे या.

वर मिलिंदनं उतरवलेलं सरांचं डौलदार अक्षर, आणि खाली माझं. फळ्यावर शिक्षा लिहिल्यासारखं. रंग पातळ झाला होता. ‘विषारी’चा ओघळ थेट ‘पोटात’पर्यंत आला.

“काकू, ते ‘नका’ तिरपं गेलं,” बाकावरची एक मुलगी म्हणाली.

“जाऊ दे.”

“मिलिंदभाऊनं मस्त लिहिलं असतं,” दुसरी म्हणाली.

“हो. म्हणूनच त्याला दिलं नाही.”

त्या हसल्या. मी स्टुलावरून उतरले आणि भिंतीकडे पाहिलं. ओवी आता ‘ओटी घाली’ला संपत नव्हती. ज्या जागेसाठी सर इतकी वर्षं माझ्याशी भांडले, तिथे मी हा दगड ठेवला होता. तिथेच बाकावर बसून राहावं असं वाटलं, पण रांग वाढत होती, म्हणून घरी आले.

पूजाला महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी कळा सुरू झाल्या. गोदाबाईंनी नैवेद्याचं ताट तसंच ठेवून तिला केंद्रात आणलं. सिस्टरनी सांगितलं की आल्या आल्या त्यांनी भिंतीकडे पाठ करून घेतली आणि माझ्या नावानं बोटं मोडली. तिथं निभेना म्हणून गाडीतून बुलढाण्याला न्यावं लागलं, आणि शेवटी पोट फाडावं लागलंच. मुलगी झाली. दोघी सुखरूप. टाके पिकले नाहीत. पण गोदाबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या हिशेबानं ते मूळ मी ठेवून घेतलं नसतं तर फाडावं लागलं नसतं, आणि याचं उलट मी त्यांना कुठल्या पुस्तकातून दाखवणार?

सरांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी रक्तदाब तपासायला केंद्रात गेले. लसीचा दिवस होता. पडवीत गोदाबाई मांडी घालून बसलेल्या, मांडीवर नात, शेजारी पूजा. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. पण त्यांच्या बाकावर तेवढीच जागा मोकळी होती. मी बसले.

लेकरू कुरकुरत होतं. गोदाबाई मांडी हलवत गाऊ लागल्या. अंगाई नव्हे, तीच. मुळाशी नांगर, शेंड्याला दिवली. सर म्हणत त्याहून संथ, शेवटचं अक्षर लांबवत. ‘ओटी घाली’पाशी त्यांनी नातीवर पदर ओढला. पोर निजलं. मी समोरच्या अंगणात बघत राहिले.

“आत्या, खालचंबी म्हणा न,” पूजा सासूला म्हणाली.

“ते काय म्हणाचं? त्याले चाल हाये काय?”

“म्हणा. नाहीतं मंग अर्धीच होते.”

गोदाबाईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग मांडी थांबवली, मान वळवून भिंतीकडे केली आणि चावडीवर दवंडी द्यावी तशा कोरड्या, मोठ्या आवाजात म्हणाल्या, “हे मूळ विषारी आहे! पोटात घेऊ नका!”

लेकरू दचकलं. दोन्ही मुठी वर फेकून त्यानं असा टाहो फोडला की सिस्टर आतून डोकावल्या.

“पाहा!” गोदाबाई माझ्यावर खेकसल्या. “तुमच्या ओळीनं उठवलं लेकराले.”

“उठू द्या,” मी म्हटलं.